विश्लेषण : वाल, नीरा, दूध… स्वयंपाकघरातले बदल प्रयोगशाळेत नेणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

मिठागरात पाणी आटून मीठ उरते, तेव्हा नवे काही तयार झालेले नसते. माडावरच्या मडक्यातली नीरा ऊन चढता चढता फेसाळते, तेव्हा मात्र मडक्यात एक वेगळाच पदार्थ आलेला असतो. पहिला बदल भौतिक, दुसरा रासायनिक. शाळेत हा धडा पाठ करून बहुतेक जण विसरतात. पण याच फरकावर दारूबंदीच्या कायद्यातली एक व्याख्या उभी आहे, याच फरकावरून दुधातली भेसळ पकडली जाते आणि वालातले प्रथिन अंगी लागते की नाही हेही यावरच ठरते. डॉ. कमला सोहोनी यांनी आपल्या कामाची उमेदीची वर्षे याच प्रश्नांना दिली.

भौतिक बदल कोणता, रासायनिक कोणता?

पदार्थाचे रूप, आकार किंवा अवस्था बदलली, पण पदार्थ तोच राहिला, तर तो भौतिक बदल. जुना पदार्थ जाऊन नवा तयार झाला, तर तो रासायनिक बदल. व्याख्या सोपी आहे. अडचण येते ती ओळखण्यात.

रायगडच्या किनाऱ्यावर याची उदाहरणे पावलोपावली आहेत. उरण-पेण भागातल्या मिठागरांत भरतीचे पाणी कोंडून उन्हात आटवले जाते. एक लिटर समुद्रपाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पाणी वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. मीठ आधीही होतेच, फक्त दिसत नव्हते. हा भौतिक बदल. याच जिल्ह्यातला, भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा चिरला, तर चिरणे ही क्रिया भौतिक. पण चिरताना पेशी फुटतात, त्यांत वेगवेगळे राहिलेले घटक एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू त्या क्षणी नव्याने तयार होतो. हा रासायनिक बदल. अखंड कांद्यात तो वायू नसतो, म्हणून कांदा हातात घेतल्याने डोळ्यांत पाणी येत नाही. सुरी एकदाच फिरते, बदल मात्र दोन प्रकारचे होतात.

ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात, त्याही फसवतात. रंग बदलला की रासायनिक, असे म्हणावे तर नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ घातल्यावर सोलकढी गुलाबी होते, ती बव्हंशी पांढऱ्यात लाल मिसळल्यामुळे. बुडबुडे आले की रासायनिक, असे म्हणावे तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर येणारे बुडबुडे हे आधीच विरघळलेल्या वायूचे असतात. पूर्ववत होत नाही तो रासायनिक, ही सर्वांत लोकप्रिय कसोटी. पण खवलेला नारळ पुन्हा अखंड होत नाही आणि तरीही खवणे हा भौतिक बदलच. उलट हळदीत चुना कालवला की ती लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. हा बदल रासायनिक असूनही मागे फिरतो. म्हणजे शेवटी एकच प्रश्न विचारावा लागतो : नवा पदार्थ तयार झाला का? त्याचे उत्तर अनेकदा डोळ्यांनी मिळत नाही, मोजून मिळवावे लागते. सोहोनींचे काम सुरू होते ते इथून.

कमला सोहोनी कोण होत्या?

माहेरच्या त्या कमला भागवत. त्यांचा जन्म इंदूरचा. लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरुच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांमध्ये दोघांचा समावेश होता. त्यामुळे रसायनशास्त्र घरातच होते आणि पुढे कुठे शिकायचे हेही कमलाबाईंनी जणू लहानपणीच ठरवले होते.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या. गुण उत्तम होते. वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. प्रवेश ही औपचारिकता ठरावी, अशी त्यांची गुणपत्रिका होती.

बंगळूरुत काय घडले?

अर्ज फेटाळला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलींना संशोधनासाठी घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. नाकारण्याचे दुसरे कारण नव्हते. वडिलांनी आणि काकांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरुला गेल्या आणि नकाराचे कारण विचारत रामन यांच्या कार्यालयापुढे ठाण मांडून बसल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. त्याच मार्गाने एका मुलीने प्रयोगशाळेचे दार ठोठावले.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परिवीक्षेचे राहील. संचालकांना दर्जा पटेपर्यंत कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होणार नाही, याची जबाबदारी त्यांचीच. या अटी कमलाबाईंनी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. आयुष्याच्या उतरणीवरही त्यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितला आणि त्यामागच्या संकुचित वृत्तीबद्दल बोलताना शब्द राखले नाहीत.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे आणि तितकेच मनापासून शिकवणारे मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतली प्रथिने हा विषय ठरला. देशातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटात प्रथिन येते ते मुख्यतः डाळी-कडधान्यांतून आणि थोड्याफार दुधातून. त्यामुळे विषय पुस्तकी नव्हता. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केली.

बटाट्याने काय दाखवले?

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेव्हा तिथल्या जीवरसायन संस्थेचे प्रमुख होते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. हिल वनस्पतींवर संशोधन करत आणि कमलाबाईंच्या वाट्याला आला बटाटा.

टोपलीत पडलेला बटाटा निर्जीव वाटतो. पण त्याच्या पेशी जिवंत असतात, त्या हळूहळू साखर जाळत असतात आणि त्यातून ऊर्जा मिळवत असतात. बाहेरून काहीही न दिसता आत अखंड रासायनिक बदल चालू असतो. म्हणूनच साठवणीतला बटाटा काही आठवड्यांत सुरकुततो, त्याला कोंब येतात. या श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन प्राणी आणि सूक्ष्मजीवांमध्ये माहीत होते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे कमलाबाईंनी दाखवले. बटाट्यापासून सुरू झालेला शोध सर्व वनस्पतींना लागू पडणारा ठरला.

१९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परदेशात थांबण्याची संधी असताना त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, अशी पदे त्यांनी सांभाळली. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या. पुढचे बहुतेक सारे काम इथले. ही संस्था काळा घोडा परिसरात आहे. गेटवेवरून मांडव्याला लाँच सुटते, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. खाडीपलीकडचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. तिकडची माणसे रोज जे खात-पीत होती, तेच पुढे या प्रयोगशाळेच्या टेबलावर आले.

वालात असे काय सापडले?

भाताची कापणी झाली की रायगडच्या शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. थंडीत त्याच्या कोवळ्या शेंगांची पोपटी लागते आणि वाळलेल्या वालाचे बिरडे वर्षभर होते. वाल स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेला. पण कच्चा वाल कोणी खात नाही. तो पचत नाही, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक आहे. का पचत नाही, याचे उत्तर सोहोनींच्या गटाने शोधले.

आपल्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम ‘ट्रिप्सिन’ हे विकर करते. वालात एक असे प्रथिन असते, जे या ट्रिप्सिनला घट्ट चिकटून बसते आणि त्याचे काम बंद पाडते. म्हणजे वालात प्रथिन भरपूर, पण ते पचवणारी कात्रीच अडकवून ठेवण्याची सोयही वालातच. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतल्या अशा रोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. वाल आणि डबल बीन यांतले रोधक त्यांनी शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. हे काम १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्फटिक करणे म्हणजे द्रावणातून एकच पदार्थ निवडून बाहेर काढणे. तत्त्व मिठागराचेच, भौतिक बदलाचे. पदार्थाला धक्का न लावता तो वेगळा करता आला, म्हणून तो काय करतो हे नेमके तपासता आले.

आता बिरड्याच्या पायऱ्या या नजरेने पाहता येतात. रात्रभर भिजवल्यावर वाल फुगतो. दाण्यात पाणी शिरते, काही विरघळणारे घटक बाहेर पडतात. हा मुख्यतः भौतिक बदल. फडक्यात बांधून ठेवल्यावर मोड येतात, तेव्हा दाणा जागा होतो. त्यातली विकरे साठवलेल्या पिठाचे आणि प्रथिनांचे लहान तुकडे करू लागतात. हा रासायनिक बदल. कोमट पाण्यात टाकून सोलणे पुन्हा भौतिक. आणि मग फोडणीला टाकून शिजवणे, ही सर्वांत महत्त्वाची पायरी.

शिजताना रोधकाचे काय होते? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, विशिष्ट घड्या घालून गुंडाळलेली. ट्रिप्सिनला अडकवण्याची ताकद त्या घड्यांमुळे येते. पुरेशा उष्णतेने घड्या विस्कटतात आणि रोधक निकामी होतो. साखळी मात्र बहुतांशी तुटत नाही. मग हा बदल भौतिक म्हणायचा की रासायनिक? शालेय पुस्तके अन्न शिजण्याला सरसकट रासायनिक बदल म्हणतात. बारकाईने पाहिले तर हा सीमेवरचा बदल आहे. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो, तोही याच जातीचा. नाव कोणतेही दिले तरी पोटाच्या दृष्टीने निकाल स्पष्ट आहे. तोच दाणा आधी पचनाला अडथळा करत होता, आता स्वतः पचतो.

ओली उष्णता हे काम कोरड्या उष्णतेपेक्षा चांगले करते. पोपटीत मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावून शेंगा, जाडे मीठ आणि ओवा भरतात, पाणी घालत नाहीत. मडके पालथे घालून भोवती पेंढा पेटवला की शेंगांतल्याच ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि दाणे त्या वाफेवर शिजतात. या रीतीला प्रयोगशाळेने नंतर कारण दिले. रीत मात्र शेतावरचीच.

नीरा आणि माडी यांच्यातली रेषा कोणती?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत माड उभे आहेत. माडाची पोय छेदून पाझरणारा रस मडक्यात धरला जातो. ताजा असताना तो गोड असतो, त्यात दहा टक्क्यांहून अधिक साखर असू शकते. ही नीरा. पण हवेतले आणि मडक्याला चिकटलेले किण्व रसात शिरताच काम सुरू करतात. आधी उसाच्या साखरेसारख्या मोठ्या रेणूचे दोन तुकडे होतात. मग त्या साध्या साखरेपासून अल्कोहोल आणि कर्बवायू बनतो. फेस येतो, गोडी घटते, वास बदलतो. नीरेची माडी होते. आणखी वेळ गेला की दुसरे जिवाणू अल्कोहोलचे आम्ल करतात आणि शिर्का तयार होतो. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे आणि मडक्यातले बुडबुडे दिसायला सारखे, पण मडक्यातला वायू नव्याने जन्मलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर या रासायनिक बदलाला कायद्याचे वजन आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेची व्याख्याच अशी केली की, आंबू नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात धरलेला, न आंबलेला माड-ताडादी झाडांचा रस म्हणजे नीरा. झाड तेच, रस तोच, काढणाराही तोच. मध्ये फक्त किण्वन. पिढ्यानपिढ्या माडावर चढणाऱ्या भंडारी कुटुंबांसाठी पोटाचा धंदा आणि गुन्हा यांच्यातली रेषा काही तासांच्या आंबण्याने ठरू लागली. मडक्याला आतून चुना लावण्याची पद्धत यासाठीच. चुन्याने रस अल्कधर्मी राहतो आणि किण्वांची वाढ मंदावते. थंडावाही तेच करतो. दोन्ही उपाय बदल लांबवतात, कायमचा थांबवत नाहीत.

तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. मादक पेय म्हणून बदनाम झालेल्या या रसात पोषण किती, हा प्रश्न होता. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह असल्याचे त्यांना आढळले. पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. नीरा टिकत नाही, म्हणून ती आटवून गूळ किंवा काकवी करायची, तर हे घटक उरतात का?

आटवताना पाणी जाते, हा भौतिक बदल. पण रस तपकिरी होतो, खरपूस वास येतो. म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांमध्ये रासायनिक क्रियाही घडत असतात. लोह हे मूलद्रव्य असल्याने कढईत नष्ट होण्याचा प्रश्नच नसतो. जीवनसत्त्वांची गोष्ट वेगळी. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने सहज मोडते. त्यामुळे तर्काने उत्तर देता येत नव्हते, मोजावेच लागत होते. आटवून केलेल्या पदार्थांतही हे पोषक घटक टिकून राहतात, असा निष्कर्ष त्यांच्या गटाने मांडला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी सोहोनींना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून मोठी गोष्ट ही की, गरिबाच्या अंगणातला एक पदार्थ दारूच्या यादीतून काढून आहाराच्या यादीत मांडण्याला शास्त्राचा आधार मिळाला.

दुधात पाणी आणि दुधाचे दही, यांत फरक काय?

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दर्जाबाबत सल्ला देण्याचे कामही सोहोनींनी केले. दूध हा भौतिक आणि रासायनिक बदलांचा सर्वांत चांगला वस्तुपाठ आहे. विरजण लावल्यावर जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, आम्लाने प्रथिन साखळते आणि दही लागते. हा रासायनिक बदल. दही घुसळून लोणी काढणे हा भौतिक बदल. विखुरलेले स्निग्ध कण एकत्र येतात, इतकेच. लोणी कढवताना पाणी उडून जाणे भौतिक, तर बेरी तांबूस होऊन तुपाला वास सुटणे रासायनिक. तेच तूप महिनोन् महिने उघडे राहून खवट होते, तेव्हा हवेतला प्राणवायू त्याच्याशी संयोग पावलेला असतो. तो बदल पुन्हा रासायनिक.

भेसळ पकडायची तर भेसळ कोणत्या प्रकारची, हे आधी ओळखावे लागते. दुधात पाणी घालणे हे साधे मिश्रण. नवा पदार्थ होत नाही, म्हणून ते शोधायला घनतेसारखे भौतिक माप वापरतात. दुग्धमापी हे तेच काम करतो. पण त्यालाही चकवता येते. साय काढली की घनता वाढते, पाणी घातले की कमी होते. दोन्ही बेताने केले तर माप बरोबर दाखवते आणि दूध मात्र निकृष्ट असते. म्हणून स्निग्धांश वेगळा मोजावा लागतो. पातळ दूध दाट दिसावे म्हणून पीठ घातले असेल, तर दूध उकळून गार करावे आणि आयोडिनचे थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला की पीठ असल्याचे कळते.

सर्वांत घातक फसवणूक मात्र रासायनिक. आंबू लागलेल्या दुधात खाण्याचा सोडा घातला की आम्लाचे उदासीनीकरण होते. दूध नासत नाही, चवही लपते. पण ज्या जिवाणूंनी ते आंबवले, ते तसेच राहतात. इथे एक रासायनिक बदल दुसऱ्या रासायनिक बदलाने झाकलेला असतो आणि ग्राहकाच्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ग्राहकांपर्यंत हे ज्ञान कसे पोहोचले?

प्रयोगशाळेत सिद्ध झालेले सत्य बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला कळले नाही, तर त्याचा उपयोग अर्धाच, हे सोहोनींना पटले होते. नऊ महिलांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मुंबईत भारतीय ग्राहक मार्गदर्शक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात सोहोनी जोमाने उतरल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून होता, पण कायदा तक्रारीनंतर धावून येतो. भेसळ घरातच ओळखता यावी, यासाठी साध्या भाषेत लिहिणारे शास्त्रज्ञ कमी होते. आहारशास्त्रावर सोहोनींनी मराठीतही लिहिले.

आज अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू आहे, प्रयोगशाळांत आधुनिक यंत्रे आहेत. तरीही घरच्या तपासणीचे तर्कशास्त्र बदललेले नाही. आधी विचारायचे, पदार्थात काही मिसळले आहे की पदार्थच बदलला आहे? मिसळले असेल तर वजन, घनता, विरघळणे, बसणे यांवरून शोध घ्यायचा. पदार्थच बदलला असेल तर वास, आम्लता किंवा एखाद्या रसायनाने येणारा रंग यांवरून. आणि रंग, बुडबुडे किंवा वास यांपैकी एकट्या खुणेवर विसंबून निकाल द्यायचा नाही.

त्यांच्या वाट्याला काय आले?

विज्ञान संस्थेचे संचालकपद सोहोनींना मिळाले, पण अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे उशिरा. बंगळूरुत दार उघडायला लावणाऱ्या स्त्रीला तीन दशकांनंतर मुंबईतही थांबावे लागले. संचालक म्हणून काम करून त्या १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांचे नाव बराच काळ जीवरसायनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही. दुर्गाबाई घराघरांत माहीत होत्या, कमलाबाई त्या मानाने अपरिचित राहिल्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. साठ वर्षांपूर्वी ज्या विज्ञानक्षेत्राने प्रवेशासाठी अटी घातल्या होत्या, त्याच क्षेत्राच्या सर्वोच्च संस्थांपैकी एकीच्या व्यासपीठावर त्यांनी अखेरचा सन्मान स्वीकारला.

त्यांच्या कामाचे महत्त्व आज कुठे दिसते? कडधान्यांतले ट्रिप्सिन रोधक हा पुढे जगभर अभ्यासाचा विषय झाला आणि वालातल्या रोधकाचे त्यांच्या गटाने केलेले स्फटिक हा त्यातला सुरुवातीचा टप्पा होता. नीरा, गूळ आणि काकवी यांच्या पोषणमूल्याची चर्चा अजून चालू आहे. रायगडच्या किनाऱ्यावर थंडीत पोपटी लागते, मिठागरात मीठ पडते आणि माडावरचा रस उतरवणारा सूर्य वर येण्याआधी मडके खाली आणतो. वाल पूर्ण शिजवावा, नीरा थंड ठेवून लवकर संपवावी आणि नासू पाहणारे दूध सोड्याने सावरू नये, या तिन्ही घरगुती नियमांमागे पदार्थात होणारा बदल ओळखण्याचे तेच शास्त्र आहे.